लेक प्रोग्रामिंग शिकते म्हणजे काय करते?



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या लेकी आता शिकायला बाहेर आहेत. कुणाची नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, कुणाची लातूरच्या शासकीय महिला निवासी तंत्रनिकेतनात, तर कुणाची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बी.एस्सी.ला. पहिल्याच सहामाहीत घरी फोन येतो, "आई, बाकी सगळं ठीक आहे, पण प्रोग्रामिंग डोक्यात शिरत नाही." आई काय बोलणार? तिला तो शब्दच नवा. घरातलं कुणीतरी मात्र लगेच म्हणतं, "जमत नसंल तर आणा वापस, स्थळ बघू." एका विषयापायी एवढा मोठा निर्णय होऊ नये, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला. आम्ही समन्वयक बहुतेक बी.ए. झालेल्या. लेकींच्या वह्या समोर ठेवून, त्यांनाच विचारत विचारत आम्ही हे समजून घेतलं.

प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला सांगायच्या कामांची क्रमवार यादी. कॉम्प्युटर कामाला वाघ आहे, पण त्याला स्वतःची अक्कल नाही. आपल्या मासिक बैठकीचंच बघा. बारा जणी, प्रत्येकीची बचत १०० रुपये, उशिरा आली तर १० रुपये दंड. नव्या सचिव ताईला आपण एवढंच म्हणतो, "सगळ्यांची बचत घे." ती समजून घेते. कॉम्प्युटरला असं चालत नाही. त्याला सांगावं लागतं: एकूण रक्कम आधी शून्य धर. पहिली सदस्य घे. तिची रक्कम विचार. ती एकूण रकमेत मिळव. आता दुसरी घे. बारा जणी होईपर्यंत हेच करत राहा. हे जे "तेच तेच करत राहा" आहे, त्याला लेकी लूप म्हणतात. "उशीर झाला असेल तर १० रुपये, नसेल तर काही नाही" ही झाली अट, तिला इफ-एल्स म्हणतात. आणि ज्या रकान्यात आकडा ठेवायचा, त्या रकान्याला नाव दिलं की झालं व्हेरिएबल. म्हणजे सुरुवातीचा बराचसा अभ्यासक्रम आपल्या हिशोबवहीत आहेच म्हणा ना.

मग पोरी अडतात कुठे? तर मोजण्यात. सी नावाच्या भाषेत यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते. बारा जणी म्हणजे शून्य ते अकरा. मुलगी आपल्या सवयीने एकपासून सुरू करते आणि "बाराच्या आत असेपर्यंत" असं लिहिते. झाल्या अकराच जणी! एका बाईचे १०० रुपये हिशोबात आलेच नाहीत. कॉम्प्युटर तक्रार करत नाही, खुशाल १,१०० रुपये दाखवतो.

दुसरं उदाहरण आणखी गमतीचं आहे. दंड धरून १,२५० रुपये जमले आणि बारा जणींमागे सरासरी काढायची आहे. सी भाषेत दोन्ही आकडे पूर्णांक म्हणून लिहिले, तर उत्तर येतं १०४. पुढचे पैसे तो सरळ टाकून देतो. आता १०४ गुणिले १२ करून बघा, १,२४८ होतात. दोन रुपये गेले कुठे? आपल्या कोषाध्यक्ष ताईंनी दोन रुपयांसाठी बैठक थांबवली असती! उपाय सोपा आहे, त्या आकड्यांना दशांशाचा रकाना द्यायचा. पण हे पाठ करून लक्षात राहत नाही. एकदा हिशोब चुकतो, मुलगी तासभर शोधते, सापडतं, आणि मग ते जन्मात विसरत नाही.

ज्या चुका कॉम्प्युटरला कळतात, त्यांना तो लाल अक्षरात सांगतो. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की पडद्यावर लाल ओळी येतात आणि मुलीला वाटतं आपल्याला येतच नाही. बँकेत सही राहिली म्हणून स्लिप परत आली तर आपण रडत बसतो का? सही करून पुन्हा देतो. लाल ओळीत कितव्या ओळीत अडलं तो आकडा असतो. तिथं बघायचं, आणि हो, त्याच्या वरची ओळही बघायची. चूक बऱ्याचदा तिथंच असते.

मराठी शाळेतून गेलेल्या मुलींना इंग्रजीची धास्ती असते. सी भाषा अमेरिकेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली, पायथन ही दुसरी भाषा १९९१ मध्ये आली. शब्द इंग्रजी आहेत हे खरं. पण जुन्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द आहेत फक्त ३२. आपल्या स्वयंपाकघरात डबे त्याहून जास्त असतील. आणि हे पोरींचं काम नव्हे असं कुणी म्हणालं तर सांगा, जगातला पहिला प्रोग्राम म्हणून जो बहुतेकदा सांगितला जातो, तो १८४३ मध्ये एडा लव्हलेस या बाईच्या लेखात छापला गेला. ज्या यंत्रासाठी तो होता, ते यंत्र तेव्हा पूर्ण बांधूनही झालेलं नव्हतं.

लातूर पॅटर्नचं आपल्याला कौतुक आहे, असायलाच हवं. त्याने आपल्या लेकरांना घासून सराव करायला शिकवलं. पण बारावीचा सराव चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायचा. इथं पर्यायच नसतात, कोरा पडदा असतो. दोनशे उत्तरं पाठ करणारी हुशार मुलगी इथं गांगरते, त्यात तिची हुशारी कमी होत नाही. आमच्या मते खरा घात होतो तो जर्नल उतरवून काढण्याने. मैत्रिणीचं बघून लिहिलं, सही मिळाली, संपलं. आता तर मोबाईलला विचारलं तरी तयार प्रोग्राम मिळतो. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र ती आणि कॉम्प्युटर दोघंच असतात.

लॅपटॉपसाठी लगेच कर्जाची घाई नको. सुरुवातीला कॉलेजच्या लॅबचे तास पुरतात, आणि घ्यायचाच झाला तर जुना, वापरलेलाही सी भाषेला चालतो. कागदावर रकाने आखून, एकेक ओळ वाचत, कोणत्या रकान्यात आता किती हे लिहीत जायचं, हा सराव तर पेन-वहीवरच होतो. आयआयटी मुंबईचे "स्पोकन ट्यूटोरियल" नावाचे धडे फुकट आहेत, मराठीतही आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे. नुसते बघायचे नाहीत. थोडं ऐकायचं, थांबवायचं, तसंच स्वतः टाईप करून बघायचं.

फीचं ओझंही आता पूर्वीइतकं नाही. २०२४-२५ पासून शासनाने इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला लागतो. कागदपत्रं कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा. आणि एखादा विषय राहिलाच, तर त्याची परीक्षा पुन्हा देता येते, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

लेक सुट्टीला आली की तिला गटाच्या हिशोबवहीचं एक जुनं पान द्या, सदस्यांची नावं झाकून. बचत, दंड, शेकडा दोनप्रमाणे कर्जाचं व्याज, सगळं तिला प्रोग्रामने काढू द्या. आलेली बेरीज वहीशी ताडून तुम्ही बघा. बेरीज जुळली नाही तर कुठे जुळत नाही, हे आपल्या कोषाध्यक्ष ताई तिला नक्की दाखवतील.