परदेशातलं पहिलं घर (लेखांक ९) : फायरप्लेस घेताना

मागच्या आठवड्यात आपण फर्नेस आणि हीट पंपाचा हिशेब पाहिला. त्याच ओघात आता बैठकीच्या खोलीतली फायरप्लेस. न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोकडे घर बघत फिरणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांना लहानपणी थंडीत शाल आणि शेकोटी एवढंच ठाऊक असतं. त्यामुळे दुकानात डायरेक्ट व्हेंट, इन्सर्ट, बीटीयू, झिरो क्लिअरन्स असे शब्द भराभर कानांवर आदळू लागले की माणूस नुसती मान डोलावतो आणि शेवटी दगडी चौकट आवडली म्हणून पैसे देऊन मोकळा होतो. मँटेल म्हणजे वरची फळी आणि सराउंड म्हणजे भोवतीची चौकट. या दोन्ही गोष्टी शोभेच्या असतात आणि पुढेही बदलता येतात. आतला जाळ कसा जळतो ते बदलायचं तर भिंत फोडावी लागते.

म्हणून कुठलाही शब्द ऐकला की मनात दोन प्रश्न ठेवा. जळायला हवा कुठून येते? आणि जळून झालेले वायू कुठे जातात?

जुन्या घरातली विटांची उघडी फायरप्लेस या दोन्ही प्रश्नांवर नापास होते. लाकूड जिथे जळतं तो कोनाडा म्हणजे फायरबॉक्स, धूर वर नेणारी नळी म्हणजे फ्लू आणि त्या दोहोंमधलं लोखंडी झाकण म्हणजे डँपर. जाळ पेटला की तो खोलीतलीच हवा ओढतो, म्हणजे फर्नेसने पैसे खर्चून तापवलेली हवा धुराड्यातून बाहेर जाते. लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के खोलीत राहते. हे दुखणं जुनं आहे. काउंट रमफर्डने १७९६ साली यावर निबंध लिहून कोनाडा उथळ, बाजू तिरक्या आणि धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितलं होतं. डँपरचा नियम मात्र जिवाशी गाठ घालणारा आहे. जाळ नसताना तो बंद हवा, नाहीतर हिवाळाभर ऊब वर निघून जाते. पण निखारे धुमसत असताना तो लावला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय त्या दांडीला हात लावू नये.

अशी फायरप्लेस घरात आधीच असेल तर इन्सर्ट हा शब्द कामाचा. इन्सर्ट म्हणजे त्याच कोनाड्यात सरकवायची बंद काचेची पेटी, लाकडावर किंवा गॅसवर चालणारी. तिच्यासोबत फ्लूमध्ये नवं स्टीलचं अस्तर, म्हणजे लायनर, घालावं लागतं. किमतीत लायनर धरलंय का, हे आधी विचारा. कोटेशनमधली तफावत बऱ्याचदा तिथेच असते. लॉग सेट हा वेगळा प्रकार आहे. ती नुसती खोटी लाकडं आणि खाली बर्नर. व्हेंटेड लॉग सेट दिसायला सुरेख असतो, पण त्याची ऊब धुराड्यातूनच जाते. शिवाय डँपर पूर्ण बंद होऊ नये म्हणून त्यावर कायमची पट्टी बसवावी लागते.

कोनाडा नसलेल्या नव्या घरात झिरो क्लिअरन्स हा शब्द भेटतो. ही कारखान्यात बनलेली, दुहेरी कवचाची पेटी लाकडी भिंतीच्या सांगाड्यात बसवता येते. नावात शून्य असलं तरी समोर, वर आणि मँटेलपाशी किती अंतर सोडायचं ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सुतार काहीही म्हणाला तरी पुस्तिकेतलाच आकडा खरा.

आता गॅस. इथे जास्त वेळ घालवायला हवा, कारण बहुतेकजण हीच घेतात. डायरेक्ट व्हेंटमध्ये काच घट्ट बसवलेली असते आणि भिंतीतून एकात एक दोन नळ्या बाहेर जातात. बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून वायू निघून जातात. खोलीतल्या हवेला जाळ शिवतही नाही. बी-व्हेंट जुन्या धर्तीचा आहे. हवा खोलीतली घेतो आणि वायू छतावर सोडतो. आणि व्हेंट-फ्री म्हणजे नळीच नाही, जे काही जळतं ते सगळं खोलीतच राहतं. विक्रेता म्हणतो, ‘शंभर टक्के ऊब घरातच!’ ते खरंच आहे, पण ऊबेबरोबर बाकीचंही घरातच राहतं. ४०,००० बीटीयूचा व्हेंट-फ्री तासभर चालला, तर नुसत्या ज्वलनातून दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. खिडक्यांवर दव आणि कोपऱ्यांत बुरशी त्यातूनच येते. खोलीतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर उतरला की गॅस तोडणारा सेन्सर त्यात असतो हे खरं. तरीही कॅलिफोर्नियात आणि कॅनडात असे बर्नर घरात बसवायला परवानगी नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. ज्या घरात तान्हं मूल आहे, दम्याचा त्रास असणारं कुणी आहे किंवा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आईवडील आहेत, त्या घरात मी व्हेंट-फ्री घेऊ देणार नाही. डायरेक्ट व्हेंटच घ्या.

त्यातही काच हाताळताना जपा. ती चटकन कातडी भाजेल इतकी तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. २०१५ पासून नव्या गॅस फायरप्लेसच्या काचेपुढे संरक्षक जाळी देणं अमेरिकेच्या मानकांनुसार सक्तीचं झालं. जुन्या घरात ती नसेल तर रांगतं मूल येण्याआधी बसवून घ्या.

बीटीयू हा सर्वांत फसवा शब्द. एक पाउंड पाण्याचं तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. जाहिरातीत लिहिलेला आकडा तासाचा असतो आणि बहुधा इनपुटचा, म्हणजे किती गॅस जळतो त्याचा. दुकानात खालची जाळी उघडायला सांगा. आत साखळीला अडकवलेली किंवा तळाला चिकटवलेली धातूची पट्टी दिसेल. तिच्यावर गॅसचा प्रकार, कमाल इनपुट आणि किमान इनपुट छापलेलं असतं. समजा तिथे ३०,००० आहे आणि कार्यक्षमता ७० टक्के आहे, तर खोलीला मिळतात २१,०००. कार्यक्षमतेचे आकडेही अनेक असतात. ‘स्टेडी स्टेट’ म्हणजे यंत्र पूर्ण तापल्यावरचा, साहजिकच चढा. कॅनडातल्या एनरगाइडचा फायरप्लेस एफिशियन्सी हा आकडा चालू-बंद होण्यातला तोटाही धरतो. दोन मॉडेलांची तुलना करताना एकाच प्रकारचा आकडा घ्या. आणि मोठ्या बीटीयूच्या मोहात पडू नका. लहान खोलीत ४०,००० चं धूड लावलं, तर दहा मिनिटांत खिडकी उघडावी लागते. किमान इनपुट कमी असलेलं मॉडेल रोजच्या वापराला बरं.

गॅसमध्ये आणखी एक शब्द: स्टँडिंग पायलट. ही ज्योत सतत तेवत राहते, थोडा गॅस खाते, पण वीज गेली तरी फायरप्लेस चालते. नव्या मॉडेलांत ठिणगीने पेटणारी आयपीआय पद्धत असते. तिला बॅटरीचा पर्याय आहे ना, ते पाहा. बर्फाच्या वादळात वीज गेली की फर्नेसचा पंखा थांबतो. त्या रात्री याची किंमत कळते.

विजेच्या फायरप्लेसबद्दल थोडक्यात. नेहमीच्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारी दोनशे डॉलरची असो वा दोन हजारांची, हीटर बहुधा १,५०० वॅटचाच असतो, म्हणजे सुमारे ५,१०० बीटीयू. जास्तीचे पैसे ज्वाळेच्या देखाव्याचे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना मात्र यासारखं निर्धोक दुसरं काही नाही.

लाकूडच जाळायचं असेल तर स्टोव्ह किंवा इन्सर्ट २०२० च्या ईपीए मानकाचा घ्या. तासाला सुमारे दोन ग्रॅमपेक्षा जास्त कणरूप धूर तो सोडू शकत नाही. लाकूड मोजतात कॉर्डने: चार बाय चार बाय आठ फूट, म्हणजे १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ सांगून बहुधा त्याचा तिसरा हिस्साच दिला जातो, तेव्हा लांबी, रुंदी, उंची विचारूनच पैसे द्या. सीझन्ड लाकूड म्हणजे ओल २० टक्क्यांच्या आत. मीटर स्वस्त मिळतो. ओंडका चिरून आतल्या ताज्या बाजूला टोचून बघा. ओलं लाकूड कोंदटपणे जळतं आणि फ्लूच्या आत क्रिओसोट नावाचा डांबरासारखा काळा थर धरतो. तो थर पेटला की धुराड्यालाच आग लागते.

म्हणून शेवटचा शब्द लेव्हल २. घराची नेहमीची तपासणी करणारा माणूस डँपर हलवून आणि वर टॉर्च मारून पुढे जातो. घर विकलं जात असताना धुराड्याची लेव्हल २ तपासणी व्हावी, असं एनएफपीए २११ हे मानक सांगतं. तीत कॅमेरा आत सोडून फ्लू वरपासून खालपर्यंत पाहतात, त्यातले तडे आणि निखळलेले जोड दिसतात. करारावर सही करण्याआधी प्रमाणित चिमनी स्वीपकडून ती करून घ्या, अहवाल लेखी मागा आणि राहायला जाण्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. पुढच्या आठवड्यात : खिडक्या आणि त्यांच्या काचा.