मोहोळ दोन का होते?

थंडी ओसरून झाडांना फुलोरा आला, की आपल्या बेळगाव-खानापूर भागात परसातील एखाद्या फांदीवर माश्यांचा मोठा घोस लोंबताना दिसतो. सकाळी तेथे काहीच नसते आणि दुपारी हजारो माश्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. मग घरात धावपळ उडते. कोणी टेंभा पेटवतो, कोणी औषधाचा फवारा शोधतो. शेजाऱ्याच्या परसात मधपेटी असेल, तर त्याला बोलणीही खावी लागतात. वास्तविक बहुतेक वेळा ते संकट नसते. मधमाश्यांच्या एका कुटुंबाची दोन कुटुंबे होत असतात. हे कसे घडते ते समजून घेतले, तर आपली भीती कमी होईल आणि एक वसाहतही वाचेल.

एकाची दोन का?

आपल्याकडे पेटीत बहुधा ‘सातेरी’ माशी पाळतात. तिचे शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका. रानात ती झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणूनच पेटीतला अंधार तिला मानवतो. वसाहतीत एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामात काही नर असतात. राणी अंडी घालते. घर बांधणे, पिल्ले वाढवणे, मकरंद आणणे, राखण करणे ही सारी कामे कामकरी माश्यांची.

राणी एकटी संसार थाटू शकत नाही. राणीशिवाय कामकरी माश्यांची वसाहतही टिकत नाही. राणीने कितीही अंडी घातली, तरी त्यामुळे माश्यांची संख्या वाढते, वसाहतींची नाही. निसर्गात नवी वसाहत निर्माण होते ती जुनी दुभंगूनच.

पेटीतील तयारी

फुलोरा भरात आला, की पेटीत गर्दी होते. राणीच्या शरीरातून स्रवणारे एक द्रव्य माश्यांना ‘राणी आहे’ ही खबर देत असते. गर्दीत ते सर्वांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मग कामकरी माश्या राणीघरे बांधू लागतात. ही घरे पोळ्याच्या खालच्या कडेला, भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबतात. त्याआधी नरांच्या कोठड्या वाढलेल्या दिसतात. त्यांची झाकणे फुगीर असतात आणि सातेरीच्या बाबतीत त्यांच्या मधोमध बारीक छिद्र असते.

राणीघरातले अंडे काही वेगळे नसते. त्याच अंड्यातून कामकरी माशीही झाली असती. मात्र त्या अळीला शेवटपर्यंत भरपूर राजान्न मिळते, म्हणून तिची राणी होते. तीन दिवस अंडे, सुमारे पाच दिवस अळी, मग राणीघराला झाकण लागते. सोळाव्या दिवसाच्या आसपास नवी राणी बाहेर येते.

इकडे जुन्या राणीला मिळणारे अन्न कमी केले जाते. तिचे अंडी घालणे मंदावते आणि ती उडण्याजोगी हलकी होते. कामकरी माश्या पोटात मध भरून घेतात. हीच त्यांची प्रवासाची शिदोरी!

घर कोण सोडते?

पुष्कळांना वाटते, की नवी राणी बाहेर पडते. पहिल्या थव्याबाबत घडते ते उलट. राणीघरांना झाकणे लागल्यावर एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघते. भरलेले घर, मध आणि पिल्ले ती लेकीसाठी मागे ठेवते.

थवा आधी जवळच्याच फांदीवर विसावतो. काहीशे शोधक माश्या ढोली-कपारी पाहून येतात आणि घोसावर नाचून जागेची दिशा व अंतर सांगतात. मधमाश्यांच्या नृत्याची ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये म्युनिक येथे एका थव्यावर काजळी आणि विटांच्या धुळीने माखलेल्या माश्या नाचताना दिसल्या. त्या मकरंद आणत नसून घर शोधून येत आहेत, हे त्यांनी ओळखले.

पुढे अमेरिकेतील थॉमस सीली यांनी पाश्चात्त्य मधमाशीवर प्रयोग केले. जागा जितकी चांगली, तितका नाच जास्त वेळ चालतो आणि तितक्या जास्त माश्या ती पाहायला जातात. एका जागी वीस-तीस शोधक माश्या एकाच वेळी जमल्या, की निर्णय झाला! राणी यात हुकूम देत नाही. मग सर्व माश्या अंग तापवतात आणि थवा उडतो. हा मुक्काम कधी काही तासांचा, तर कधी दोन-तीन दिवसांचा असतो.

पेटी असणाऱ्यांनी काय करावे?

विभाजन झाले, की पेटीतील माश्या घटतात आणि मधही घटतो. मागाहून नव्या राण्यांसह आणखी थवे निघाले, तर मूळ वसाहत फारच दुबळी होते. यासाठी हंगामात दर सात-आठ दिवसांनी पेटी तपासावी. तयार मध काढून जागा मोकळी करावी, रिकाम्या चौकटी द्याव्यात. नुसती राणीघरे मोडल्याने प्रश्न सुटत नाही, माश्या ती पुन्हा बांधतात. जुनी राणी, पिल्लांच्या काही चौकटी व अन्न दुसऱ्या पेटीत हलवावे आणि पहिल्या पेटीत एक-दोन चांगली राणीघरे ठेवावीत, हा उत्तम उपाय. निसर्ग जे करणार होता, तेच आपण वेळेवर करतो.

एक फरक मात्र ओळखा. विभाजनानंतर पेटीत निम्म्या माश्या, पिल्ले आणि मध शिल्लक असतो. सारी पेटीच रिकामी दिसली, तर माश्या घर सोडून गेल्या असे समजावे. पावसाळ्यातील उपासमार, मुंग्या, मेणकिडा, कडक ऊन किंवा आपण सगळा मध काढून घेणे, ही त्याची कारणे. तो दोष बहुधा आपल्या देखभालीचा.

पालकांसाठी

१९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड या विषाणूरोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. वाचलेल्या वसाहती दुभंगत गेल्या, म्हणूनच ही माशी पुन्हा वाढली. थवा जाळणे म्हणजे अशी एक नवी वसाहत जन्मताच मारणे होय.

विसावलेल्या थव्याला राखायला पोळे किंवा पिल्ले नसतात, म्हणून तो सहसा शांत असतो. तरीही मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. धूर, दगड, पाणी, फवारा यांपैकी काहीही वापरू नये आणि जाणत्या मधपाळाला बोलवावे. उंच झाडावर, इमारतीवर किंवा पाण्याच्या टाकीखाली उघडे, मोठे, एकच पोळे असेल, तर ते आग्या मोहोळ. ते उठले तर जिवावर बेतू शकते. आग्या माश्यांचा थवाही प्रवासात झाडावर उतरतो. त्यामुळे ओळख पटत नसेल, तर आग्याच आहे असे समजून लांब राहावे.

माश्या मागे लागल्या, तर तोंड झाकून धावत बंद खोलीत जावे. काटा लगेच खरवडून काढावा व ती जागा थंड पाण्याने धुवावी. श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा चक्कर येणे असे काही दिसले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

विद्यार्थी मित्रांनो, यंदा थवा दिसला तर लांबूनच पाहा. तो किती वाजता आला, किती वेळ थांबला, कोणत्या दिशेला गेला आणि त्या वेळी कोणती झाडे फुलली होती, हे वहीत लिहून ठेवा व विज्ञानाच्या तासाला वर्गात वाचून दाखवा.