कुंपणावर आपोआप आलेला वेल गुळवेल आहे का?

पानापेक्षा आधी खोड पाहा. पान हृदयाच्या आकाराचं असतं, पण तसं पान कितीतरी वेलींना असतं. गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ सुटते आणि आत हिरवा गर दिसतो. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. उंच फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. खोड तोडलं तरी वरचा भाग ती मुळं जमिनीत सोडून जगतो. संस्कृतातलं ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी वाढणारी, हे नाव किती नेमकं आहे! नर आणि मादी वेल वेगळे असल्याने लाल फळं फक्त मादीलाच धरतात.

बोटभर जाडीचा तुकडा पावसाच्या तोंडावर लावावा. ऊन, आधार आणि पाण्याचा निचरा एवढं पुरे. पानं झडली तर वेल मेला समजून उपटू नका, खोड नखाने खरवडून हिरवेपणा पाहा.

काढ्याची घाई मात्र नको. ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ हा गुळवेलीचा जवळचा भाऊबंद. त्याच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात आणि त्याच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जाणकाराला दाखवल्याशिवाय अनोळखी वेल पोटात घेऊ नये.