बांधलेले इंजिन सुरू होत नाही? आधी सेन्सर आणि टायमिंग तपासा

पऱ्हे रोवणीला आलेत, बांधीत पाणी साचले आहे आणि उन्हाळ्यात बांधून घेतलेले इंजिन स्टार्टर फिरवूनही पेटत नाही. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी असो की गडचिरोलीकडील आरमोरी, देसाईगंज, धानपट्ट्यात अशा वेळी गेलेला एकेक दिवस महाग पडतो.

तुमचा ट्रॅक्टर जुन्या यांत्रिक पंपाचा आहे की कॉमन रेलचा, हे आधी पाहा. ५० एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल इंजिने आली. जुन्या इंजिनात हवा काढायला इंजेक्टरचा नट सैल करतात. कॉमन रेलमध्ये ही सवय जीवघेणी आहे. चालू इंजिनात त्या नळीत हजार बारच्या वर दाब असू शकतो. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. अशी इजा साधी वाटली तरी लगेच दवाखाना गाठा.

कॉमन रेल इंजिनात क्रँक सेन्सर फ्लायव्हीलचे किंवा चाकाचे दात मोजतो, कॅम सेन्सर कोणता सिलिंडर दाबावर आहे ते सांगतो. दोघांचा मेळ बसला नाही तर ईसीयू डिझेल सोडत नाही. म्हणून स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम पाहा. शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सर, त्याचा प्लग किंवा वायर. सेन्सर काढून टोकाला चिकटलेला लोखंडी भुसा पुसा. खाली जादा वॉशर घालू नका, अंतर वाढते.

आरपीएम दिसतो पण मेळ नसल्याचा कोड येतो, तेव्हा टायमिंग गिअर एक दात चुकला असण्याची शक्यता मोठी. येथे मिस्त्रीही फसतात. मधला आयडलर गिअर असलेल्या इंजिनात खुणा बसवताना जुळतात, पण इंजिन फिरवल्यावर त्या पुन्हा लगेच जुळत नाहीत. म्हणून खुणा सरकल्या म्हणून गिअर काढू नका. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला सिलिंडर दाबाच्या वरच्या टोकावर आणा. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि चौथ्याचे ओव्हरलॅपवर हवेत. जोडल्यावर पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, मगच स्टार्टर. कुठे अडले तर जोर लावू नका.

दुसऱ्या ट्रॅक्टरचे इंजिन टाकले असेल तर फ्लायव्हील, सेन्सर आणि ईसीयू एकाच जातीचे आहेत का, हे विचारा. दातांची संख्या वेगळी असेल तर कितीही सेन्सर बदला, उपयोग नाही.

सेन्सर विकत घेण्याआधी इंजिन ते चेसिसची अर्थिंग पट्टी पाहा. इंजिन चढवताना ती सैल राहते किंवा रंगावरच आवळली जाते. उंदरांनी कुरतडलेली वायर गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरमध्ये सहज सापडते. इंजेक्टरची अदलाबदल झाली असेल तर ज्या इंजिनात त्यावर कोड कोरलेला असतो, तेथे तो ईसीयूमध्ये नव्याने भरावा लागतो. नाहीतर इंजिन सुरू होते, पण ठोकते आणि धूर सोडते.