मोटारीच्या इंजिनाचे ओतीव झाकण : घरच्या घरी झिलई करण्याची रीत

बैलास रोज खरारा करतात तो केवळ त्याचे अंग तुकतुकीत दिसावे म्हणून नव्हे. खरारा करताना गोचीड हातास लागते, खांद्यावर आलेली सूज दिसते, कातडीवरील जखम ध्यानात येते. अंग स्वच्छ राखणे हे दुखणे वेळीच ओळखण्याचे साधन आहे, हे जुन्या जाणत्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. गोठ्याशेजारच्या छपरीत उभ्या असलेल्या मोटारगाडीसही हाच न्याय लागू पडतो.

पुष्कळ गाड्यांच्या इंजिनाच्या माथ्यावर ओतीव ॲल्युमिनियमचे झाकण असते. कारागीर त्यास टॅपेट कव्हर म्हणतात. शेतरस्त्यावरील धूळ आणि झिरपणारे तेल यांचा जाड थर त्यावर साचतो. अशा थराखाली तेलाची गळती सुरू झाली तरी ती महिनोन्‌महिने दिसत नाही. तेच झाकण स्वच्छ व चकचकीत असेल, तर पॅकिंगच्या कडेने आलेला तेलाचा पहिला ओघळ त्याच दिवशी नजरेस पडतो. झिलईमुळे इंजिनाची ताकद वाढत नाही. दोष लवकर दिसतो, हाच तिचा खरा लाभ होय.

मात्र हेच काम निष्काळजीपणाने केल्यास मोठे नुकसान होते. घासकागदाचे कण इंजिनात गेले, तर झाकण चमकेल पण इंजिन खराब होईल. ऐन पेरणीत अथवा उसाच्या तोडणीत गाडी बंद पडणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही. म्हणून कोठे घासावे, यापेक्षाही कोठे घासू नये, हे आधी समजून घेतले पाहिजे.

झिलई म्हणजे काय?

कल्हई आणि झिलई यांत मोठा फरक आहे. कल्हई करताना भांड्यावर कथलाचा थर चढवितात. झिलई करताना धातूचाच पातळ थर काढून टाकतात. वाळूच्या साच्यात धातूचा रस ओतून भाग तयार केला, म्हणजे वाळूच्या कणांचा खडबडीतपणा त्याच्या अंगावर उतरतो. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे बारीक उंचवट्याची रेघ राहते. अशा खडबडीत पृष्ठावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून धातू निस्तेज दिसतो. हे उंचवटे क्रमाक्रमाने बारीक कणांनी घासून सपाट केले, की उजेड एकाच दिशेने परत येतो आणि तेज दिसू लागते. काढलेला धातू पुन्हा चढविता येत नाही, ही गोष्ट काम संपेपर्यंत विसरू नये.

भागाची पारख

प्रथम झाकणास लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटल्यास ते पोलादी पत्र्याचे किंवा बिडाचे आहे असे समजावे. बिडाचा भाग घासून तात्पुरता उजळतो. परंतु उघडे बीड दमट हवेत लवकर गंजते. त्याची माती व गंज काढून उष्णता सहन करणारा रंग लावणे हेच योग्य. पत्र्यावर मुलामा असेल तर तो घासू नये. अलीकडच्या अनेक गाड्यांचे झाकण प्लास्टिकचे असते. त्यास पुढील रीत मुळीच लागू नाही.

चुंबक न चिकटणारा धातू बहुधा ॲल्युमिनियम असतो. तथापि काही परदेशी गाड्यांत मॅग्नेशियमचे ओतीव भागही वापरलेले आहेत. मॅग्नेशियमची भुकटी पेट घेते व त्या आगीवर पाणी टाकल्यास ती अधिकच भडकते. शंका असल्यास आतील बाजूस बारीकसा कोपरा खरवडून त्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. रस फसफसून बुडबुडे येऊ लागल्यास तो भाग घरी घासू नये.

झाकणाची फक्त बाहेरची बाजू घासावयाची असते. पॅकिंगवर टेकणारी सपाट कड मुळीच घासू नये. ती किंचितही असमान झाली तर नवे पॅकिंग घालूनही गळती थांबत नाही. झाकणाच्या आतील बाजूस झिलईचा उपयोग नाही. इंजिनाच्या हेडमधील हवेच्या वाटा गुळगुळीत केल्याने ताकद वाढते, असे कोणी सांगितल्यास डिझेल गाडीवर तो प्रयोग करू नये. अनेक डिझेल इंजिनांत आत येणाऱ्या हवेस भोवरा मिळावा अशा बेताने त्या वाटांना वळण दिलेले असते. कानशीने तो आकार बिघडला तर तेल नीट जळत नाही व धूर वाढतो.

लागणारे साहित्य

बारीक दातांची एक कानस, पितळी तारांचा ब्रश, ८०, १२०, २२०, ३२०, ४०० व ६०० नंबरांचे घासकागद, लाकडाचा हातात मावेल असा ठोकळा, रॉकेल, अंग धुण्याचा साबण, पांढऱ्या सुती चिंध्या, फळ्यावर लिहावयाचा खडू, धातू उजळण्याची मळी आणि नवे पॅकिंग, एवढे साहित्य जवळ असावे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक असतो. ३२० पासून पुढचे कागद पाण्यात भिजणारे, म्हणजे वॉटर पेपर घ्यावेत. पोलादी तारांचा ब्रश वापरू नये. त्याचे लोखंडी कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात व पुढे गंजून डाग पाडतात.

झाकण उतरविणे व धुणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कामास हात घालावा. झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या भोवतालची माती ब्रशने व चिंधीने काढून टाकावी; नाही तर झाकण उचलताक्षणी ती आत पडते. बोल्ट एका डबीत क्रमाने ठेवावेत. झाकण काढताच इंजिनाचे उघडे तोंड स्वच्छ कापडाने व त्यावर प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाकावे.

झाकण गाडीवर असताना ते कधीही घासू नये. घासकागदाचे कण पोलादाहूनही कठीण असतात. ते तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचले म्हणजे तेथील मऊ धातूत रुतून बसतात आणि क्रँकशाफ्टला कानशीप्रमाणे कुरतडू लागतात. हे नुकसान बाहेरून दिसत नाही. तेलाचा दाब कमी होऊन इंजिन ठोके देऊ लागते तेव्हाच ते कळते.

उतरविलेले झाकण रॉकेलने व नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. पेट्रोल वापरू नये. रॉकेलचे काम उघड्यावर करावे आणि जवळ चूल, शेगडी किंवा विडी असू नये. लोखंडी भाग कॉस्टिक सोड्यात टाकून स्वच्छ करण्याची रीत काही कारखान्यांत आहे; ती ॲल्युमिनियमला घातक आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन हा जळणारा वायू निघतो. धुण्याचा सोडा व चुलीतील राखही वापरू नये, कारण त्यांच्या क्षाराने धातू काळवंडतो.

तड्याची परीक्षा

झाकण स्वच्छ झाल्यावर घासण्यापूर्वीच एक सोपी परीक्षा करून घ्यावी. संपूर्ण झाकणास रॉकेल लावून पाव तास ठेवावे. मग ते चिंधीने अगदी कोरडे पुसावे व त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरावी. बारीक तडा असल्यास त्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. बोल्टांच्या छिद्रांभोवती विशेष लक्ष द्यावे. बोल्ट अति आवळल्याने तडे बहुधा तेथेच पडतात. तडा आढळल्यास झिलईचा विचार सोडून झाकण ॲल्युमिनियमचे जोडकाम जाणणाऱ्या कारागिराकडे न्यावे. तडा घासून दिसेनासा करणे म्हणजे जखमेवर हळदीऐवजी रंग लावण्यासारखे आहे.

घासण्याची रीत

तेल भरावयाचे तोंड, हवेच्या नळीचे छिद्र व बोल्टांची छिद्रे लाकडी खुंट्यांनी किंवा चिंधीच्या बोळ्यांनी बंद करावीत. पॅकिंगच्या कडेवर चिकटपट्टीचे दोन थर द्यावेत. झाकण पोत्याच्या जाड घडीवर ठेवावे. व्हाइसमध्ये आवळल्यास ते वाकण्याचा संभव असतो.

साच्याची उंच रेघ कानशीने काढावी. मऊ ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत अडकून ओरखडे पाडते, म्हणून कानशीस अधूनमधून खडू चोळावा. त्यानंतर ८० नंबरचा कागद ठोकळ्यास गुंडाळून सर्व पृष्ठ एकाच दिशेने घासावे. वळणाच्या जागी ठोकळ्याऐवजी बोटांचा उपयोग करावा. पुढे १२० नंबरचा कागद घेऊन आधीच्या दिशेस आडव्या दिशेने घासावे. मागील कागदाचे सर्व ओरखडे नाहीसे झाले म्हणजेच पुढच्या कागदाची वेळ आली असे समजावे. दिशा बदलल्यामुळे राहिलेला ओरखडा लगेच ओळखता येतो. या क्रमाने ६०० नंबरपर्यंत जावे. बारीक कागद साबणाच्या पाण्यात वारंवार बुडवावेत. त्यामुळे कागद भरून येत नाहीत आणि भुकटी उडत नाही. कोरडे घासताना नाकातोंडास कापड न बांधता चांगली धूळपट्टी लावावी.

एखादा नंबर गाळून पुढे जाण्याचा मोह अनेकांस होतो. ८० नंबरच्या कागदाने पडलेला खोल ओरखडा ६०० नंबरच्या कागदाने दिवसभर घासूनही जात नाही. शेवटी पुन्हा मागे यावे लागते. घासता घासता सुईच्या अग्राएवढी छिद्रे उघडी पडल्यास ती ओतकामात अडकलेल्या वायूची असतात. ती घालविण्यासाठी अधिक धातू काढू नये. शेवटी मऊ चिंधीवर धातू उजळण्याची मळी घेऊन लहान लहान वर्तुळांत चोळावे. हाताने हे सर्व काम करण्यास एक-दोन दिवस लागतात.

कोणाजवळ विजेच्या मोटारीवर चालणारे कापडी चाक असल्यास काम लवकर होते. पण धोकाही वाढतो. अशी मोटार मिनिटास सुमारे २८०० फेरे घेते. धोतराचा सोगा, पदर, उपरणे किंवा सैल बाही तिच्याजवळ येऊ देऊ नये. हातमोजेही घालू नयेत. डोळ्यांस चष्मा लावावा. झाकण चाकाच्या मध्याच्या खालच्या अंगास धरावे, म्हणजे ते हातातून सुटले तरी अंगावर न येता खाली पडते. ज्या दगडी चाकावर विळे-कोयत्यांस धार लावतात त्यावर ॲल्युमिनियम कधीही घासू नये. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरून दगड तापतो व फुटू शकतो. शिवाय लोखंडाच्या ठिणग्या व ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र येणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

पुन्हा बसविण्यापूर्वी

झाकण बसविण्यापूर्वीची धुलाई ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. बोळे, खुंट्या व पट्ट्या काढून झाकण आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने निदान तीन वेळा धुवावे व दर वेळी पाणी बदलावे. काही झाकणांच्या आत तेल अडविण्यासाठी एक पत्री बसविलेली असते. तिच्यामागे कण दडून राहतात. म्हणून तेथे पाण्याची जोरदार धार सोडावी. झाकण वाळल्यावर आतून पांढऱ्या चिंधीने पुसावे. चिंधीवर करडा डाग उमटला तर पुन्हा धुवावे. चिंधी पांढरी निघेपर्यंत झाकण इंजिनावर ठेवू नये.

त्यानंतर नवे पॅकिंग घालून सर्व बोल्ट प्रथम हातानेच फिरवावेत. मग मधल्या बोल्टांपासून आरंभ करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जात थोडे थोडे आवळावेत. ॲल्युमिनियमच्या आट्या लवकर मरतात. लांब पान्याने जोर लावू नये. इंजिन काही मिनिटे चालवून कडेवरून कोरडे बोट फिरवावे. बोटास तेल लागले नाही म्हणजे काम साधले.

पुढील निगा

उघडे ॲल्युमिनियम हवेने हळूहळू मंद होते. झाकणावर मेणाचा पातळ हात दिल्यास तेज अधिक काळ टिकते. आठवड्यातून एकदा कोरड्या चिंधीने ते पुसावे आणि पुसताना पॅकिंगची कड नीट न्याहाळावी. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पात्यांमधील चिखल व तेलकट मळ काढणे हे तर झिलईहूनही निकडीचे काम आहे. तो मळ वारा अडवितो व इंजिन तापते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामाचे प्रात्यक्षिक प्रथम भंगारातील जुन्या झाकणावर करून दाखवावे. त्याचा अर्धा भाग घासावा व अर्धा तसाच ठेवावा. नंतर दोन्ही भागांवर काळ्या तेलाचा एकेक थेंब सोडून तो कोठे चटकन दिसतो हे शेतकऱ्यांस विचारावे. तीच पांढऱ्या चिंधीची परीक्षाही सर्वांसमक्ष करावी. झिलईचे काम वेळ काढून केव्हाही करता येते. इंजिनात गेलेला कण मात्र सहजी बाहेर काढता येत नाही, एवढी एक गोष्ट प्रत्येकाच्या मनावर ठसली तरी प्रात्यक्षिकाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.