घरातली उपकरणं – लेखांक ९ : टीव्हीचं फिरतं स्टँड : आधी कोन, मग खरेदी

मागच्या लेखांकात टीव्हीचा आकार आणि बसण्याचं अंतर यांचं गणित पाहिलं. पाहणारा टीव्हीच्या अगदी समोर बसला आहे, असं त्यात गृहीत धरलं होतं. आपल्या घरांत तसं क्वचितच असतं. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा एका भिंतीला, जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, आजोबांची कॉट तिसऱ्या कोपऱ्यात, मुलं खाली सतरंजीवर. आणि टीव्ही एकच. फिरतं स्टँड घ्यावं का, हा प्रश्न इथून सुरू होतो. काहींना तो निव्वळ दिखाऊपणा वाटतो, तर काही जण दुकानदाराने सांगितलं म्हणून घेऊन येतात. माझं म्हणणं असं की, ही गरज आहे की नाही हे खोलीतला कोन ठरवतो. तो कोन घरच्या मोजपट्टीने पाच मिनिटांत मोजता येतो आणि तो मोजल्याशिवाय स्टँडवर एक रुपयाही खर्च करू नये.

मोजायचं कसं ते पाहू. पडद्याच्या मध्यापासून समोर एक सरळ रेषा कल्पा. बसणारा माणूस या रेषेवर टीव्हीपासून किती पुढे आहे आणि रेषेपासून किती बाजूला आहे, एवढी दोनच मापं घ्या. ९ फूट पुढे आणि ३ फूट बाजूला बसलेला माणूस सुमारे १८ अंशांतून पाहतो. त्याला फरक जाणवणारही नाही. ६ फूट पुढे आणि ६ फूट बाजूला बसलेला मात्र ४५ अंशांतून पाहतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर असते. ४५ अंशांतून ती जेमतेम ६७ सेंटीमीटर भासते, म्हणजे समोरून पाहिलेल्या ३२ इंची टीव्हीच्या ७१ सेंटीमीटरपेक्षाही कमी. उंची तेवढीच राहते आणि रुंदी आक्रसते, त्यामुळे चेहरे लांबट दिसतात आणि क्रिकेटच्या धावफलकातली अक्षरं एकमेकांत दाटतात. आकारासाठी मोजलेले जादा पैसे त्या खुर्चीवरून वाया गेलेले असतात. ढोबळ नियम असा : बाजूचं अंतर समोरच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असेल आणि त्या जागी रोज कुणी बसत असेल, तर टीव्ही फिरण्याची सोय हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘खोक्यावर तर १७८ अंशांचा व्ह्यूइंग अँगल लिहिलाय, मग फिरवायचं कशाला?’ हा आकडा खोटा नसतो, पण त्यामागची कसोटी फार सैल असते. पांढऱ्या आणि काळ्या रंगांच्या उजेडाचं प्रमाण १० : १ पर्यंत घसरेपर्यंत चित्र ‘दिसतं’ असं त्यात सर्वसाधारणपणे मानलं जातं. ज्या व्हीए पॅनेलवर समोरून हेच प्रमाण ३००० : १ किंवा त्याहून जास्त असतं, तिथे १० : १ म्हणजे चित्राचा सांगाडा उरला. या पॅनेलचा काळा रंग समोरून गडद दिसतो, पण २५-३० अंश बाजूला गेलं की तो राखाडी होऊ लागतो आणि रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल बाजूने रंग बरे राखतं, मात्र समोरूनही त्याचा काळा तेवढा गडद नसतो. ओलेड यात सर्वांत सरस आहे. दुकानात हे पारखता येतं : रात्रीचं एखादं दृश्य लावायला सांगा, पडद्यासमोर उभे राहा आणि नजर न हलवता तीन पावलं बाजूला सरका. साडीचा काळा पदर किंवा अंधारी भिंत धुरकट होत गेली, तर त्या टीव्हीला फिरतं स्टँड जास्त उपयोगी पडेल. तरीही रुंदी आक्रसण्याचा नियम ओलेडलाही सुटत नाही. तो पॅनेलचा नसून भूमितीचा आहे.

दुसरा लाभ फारसा कुणी मोजत नाही, तो म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब. पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता येणारा उजेड पडद्यावर पांढरा चौकोन होऊन बसतो, आणि मग भर दिवसा पडदे ओढून घरात अंधार करावा लागतो. आरसा जेवढा फिरवावा त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण फिरतो, आणि टीव्हीचा बंद किंवा काळा पडदा आरशासारखाच वागतो. त्यामुळे टीव्ही १० अंश वळवला की प्रतिबिंब २० अंश सरकतं आणि बहुधा बसणाऱ्याच्या नजरेतून निघून जातं. अगदी समोर बसून एकट्याने पाहणाऱ्यालाही हा फायदा मिळतो. खिडकी आडवी आलेली असेल, तर वरचा निम्म्याचा नियम थोडा सैल करायला हरकत नाही.

‘टीव्ही फिरवण्यापेक्षा माणसाने खुर्ची सरकवावी,’ हा आक्षेप एका खोलीत एकट्या राहणाऱ्यासाठी रास्त आहे. पण कॉटवर पडून असलेल्या आजारी माणसाला किंवा ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या बाईला जागा बदलता येत नाही. घरातली जी माणसं हलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी यंत्राने हलावं, हाच या सोयीचा खरा अर्थ. ‘मग भिंतीवर फिरता ब्रॅकेट लावा’ हा सल्ला अधिक वजनदार आहे, कारण त्याने टेबलाची जागा वाचते. मात्र भार कुठे जातो ते पाहा. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सोसते, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो, भिंतीचंही तसंच. १५ किलोंचा ५५ इंची टीव्ही ५० सेंटीमीटर बाहेर ओढला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटीमीटर अंतर असलं, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून उपसणारी सुमारे ३७ किलोंची ओढ येते. विटांच्या पक्क्या भिंतीला हे झेपतं. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांना खास अँकर लागतात, लाकडी किंवा जिप्समच्या पार्टिशनला मागून आधार द्यावा लागतो, आणि भाड्याच्या घरात भोक पाडायला मालकाची परवानगी. या तिन्हींपैकी काही अडत असेल, तर टेबलावरचं फिरतं स्टँडच बरं.

आता निवड. हल्लीचे बहुतेक टीव्ही दोन टोकांना दोन पाय घेऊन येतात. ते पाय एवढे लांब-लांब असतात की बाजारात मिळणारी गोल फिरती पाटी त्यांच्याखाली पुरत नाही. म्हणून टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांत बसणारं, मधोमध खांब असलेलं स्टँड घ्यावं. ही भोकं वेसा या संस्थेने ठरवलेल्या मापांत असतात; १०० बाय १००, २०० बाय २००, ४०० बाय ४०० मिलिमीटर ही त्यांतली नेहमीची. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा आणि वजन टीव्हीच्या माहितीपत्रकातून घ्या. केवळ ‘३२ ते ५५ इंच’ एवढ्यावर विसंबू नका. स्क्रू टीव्हीच्या आकार-वजनानुसार एम४, एम६ किंवा एम८ लागतो. लांब स्क्रू जोर लावून आत घातला तर आतल्या सर्किटला लागू शकतो. अडला की थांबून वॉशर घालावा. सगळ्यांत जास्त विसरली जाते ती मागची जागा. ४३ इंची टीव्ही ३० अंश वळला की त्याची एक कड सुमारे २४ सेंटीमीटर मागे जाते आणि दुसरी तेवढीच पुढे येते. खांब भिंतीपासून १० सेंटीमीटरवर असेल, तर तो टीव्ही तेवढा वळणारच नाही. ५५ इंचीला हीच जागा ३० सेंटीमीटरच्या वर लागते. शोकेसची फळी ३० सेंटीमीटर खोल असेल, तर फिरत्या स्टँडचा विचार तिथेच सोडावा.

‘फिरणारी वस्तू पडणारी वस्तू असते’ ही भीती लहान मुलांच्या घरात अगदी योग्य आहे, आणि तिचं उत्तर वापरण्याच्या पद्धतीत आहे. पुढे आलेली कड मुलाच्या हाताला सापडते आणि तिला लोंबकळलं की तळपाटीवर तरफेचा जोर येतो. म्हणून तळपाटी रुंद आणि जड हवी, ती टेबलाला स्क्रूने जखडलेली असावी, आणि टीव्हीच्या पाठीपासून भिंतीला किंवा जड कपाटाला एक पट्टा बांधावा. पट्ट्यात वळण्यापुरती ढील ठेवावी, ओणवं होण्यापुरती नाही. फिरण्याला दोन्ही बाजूंना २०-३० अंशांवर अडसर असलेलं स्टँड चांगलं. पूर्ण गोल फिरणाऱ्यात वायरी खांबाला पिळतात आणि सेट-टॉप बॉक्सची जाड केबल सॉकेट उपटू पाहते. एचडीएमआय, केबल आणि वीज या तिन्ही वायरी खांबाजवळून खाली आणाव्यात, तिथे हातभर वेटोळं मोकळं सोडावं आणि बसवल्यावर दोन्ही टोकांपर्यंत एकदा हळूच फिरवून पाहावं. वळवताना दोन्ही हातांनी खालची चौकट धरावी. पडद्यावर अंगठा दाबून ढकलला तर पॅनेल तडकतं. पाहून झालं की टीव्ही पुन्हा सरळ करावा, म्हणजे जाता-येता कुणाचा खांदा लागत नाही. आणि दर दोन-तीन महिन्यांनी स्क्रू आवळावेत, कारण रोजच्या हालचालीने ते सैल होतातच.

थोडक्यात, क्रम असा ठेवा : बसण्याच्या जागांचे कोन, मग टीव्हीमागची जागा, मग भोकांचं माप आणि वजन, आणि शेवटी किंमत. पहिल्या मापातच सगळे समोर बसतात असं निघालं, तर साधं स्टँड उत्तम. वाचलेल्या पैशांत बरा स्पाइक गार्ड येईल. पण घरातलं एक माणूस रोज तिरक्या नजरेने पाहत असेल, तर हा खर्च त्याच्या वाट्याचा टीव्ही त्याला देण्यासाठी आहे आणि तो करावाच. स्पाइक गार्ड खरोखर काय थांबवतो आणि काय थांबवू शकत नाही, ते पुढच्या लेखांकात पाहू.