सदागुलाब : अंगणातले बारमाही भांडवल

गुलाब म्हटला की आपल्या व्यापारी आणि कारीगर बांधवांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे दर्ग्यावर चढणारी फुलांची चादर आणि दुसरी म्हणजे नर्सरीतले मोठ्या कळीचे, लांब दांड्याचे कलम. पहिला माल शेतातून येतो, दुसरा दामदुप्पट देऊन घरी आणावा लागतो. पण यांच्याखेरीज एक तिसरा गुलाब आहे. येवल्यासारख्या कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या गावात तो घरच्या अंगणात बाराही महिने फुलतो आणि पैसे न मोजता एकाचे दहा होतात. उर्दूत त्याला सदागुलाब म्हणतात. इंग्रजीत तो चायना रोझ आणि शास्त्रीय नावाने रोझा चायनेन्सिस.

नावाचा घोळ

माल घेण्याआधी नावाची खात्री करावी, हा तिजारतीचा पहिला धडा आहे. आपल्याकडे ‘चिनी गुलाब’ मागितला तर दुकानदार कुंडीत रांगणारे, सकाळी उमलून दुपारनंतर मिटणारे ऑफिस टाइमचे रोप हातात देतो. शाळेच्या पुस्तकात ‘चायना रोझ’ म्हणजे जास्वंद असते. हे दोन्ही गुलाब नव्हेत. खरा सदागुलाब ओळखण्याच्या खुणा अशा : तीन ते पाच फूट उंचीचे, बारीक काड्यांचे झुडूप, काटे थोडे, पाने लहान, गुळगुळीत आणि टोकदार, कोवळी फूट तांबूस, फुले मध्यम आकाराची आणि झुपक्यांनी येणारी. सर्वांत पक्की खूण रंगाची. इतर गुलाब उन्हात फिके पडतात, याच्या पाकळ्या उन्हाने गडद होतात. धूपछाँव कापड विकणाऱ्याला ही गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

कलकत्त्याच्या बंदरातून

या गुलाबाचा इतिहास आपल्या धंद्याशी मिळताजुळता आहे. चीनमध्ये तो शेकडो वर्षे बागेत लावला जात होता आणि तिथले त्याचे नावच ‘दरमहा फुलणारा’ अशा अर्थाचे आहे. युरोपातले त्या काळचे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून चीनचे गुलाब तिकडे पोहोचले. वाटेत कलकत्त्याचा मुक्काम असल्यामुळे फ्रेंच लोक त्यांना ‘बंगालचे गुलाब’ म्हणू लागले. लाल जातीला स्लेटर आणि गुलाबी जातीला पार्सन्स या इंग्रजांची नावे मिळाली. ही गुलाबी जात १७९३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फुलली. आज ती ओल्ड ब्लश म्हणून जगभर ओळखली जाते.

पुढे रेयुनियन बेटावर, ज्याचे जुने नाव बुर्बों, कुंपणाला लावलेल्या या चिनी गुलाबाचा आणि दमास्क गुलाबाचा आपोआप संकर झाला. त्यातून निघालेला एडवर्ड गुलाब हिंदुस्थानातही आला. १८६७ साली फ्रान्सच्या लियाँ शहरातील गियो या बागाइताने ‘ला फ्रान्स’ ही जात काढली आणि तिथून आजच्या मोठ्या कळीच्या गुलाबांचा जमाना सुरू झाला. लियाँ हे रेशमाचे शहर. जॅकार्ड माग याच शहरात १८०४ च्या सुमारास निघाला आणि आज येवल्याच्या मागावरही जॅकार्ड दिसतो. बारमाही फुलण्याचा गुण आशियातून गेला, तिकडे त्यावर कारीगरी झाली आणि नव्या नावाने, चढ्या भावाने तो आपल्या बाजारात परत आला. कापडाच्या इतिहासात जे झाले तेच गुलाबातही झाले.

कलमाचा हिशेब

नर्सरीतले मोठ्या फुलाचे रोप बहुधा डोळा भरून केलेले कलम असते. खालचा खुंट रानटी किंवा चिवट जातीचा, वरचा डोळा नाजूक जातीचा. उन्हाळा कडक गेला, पाण्यात खंड पडला की वरचा डोळा मरतो आणि खालचा खुंट जोमाने वाढतो. घरच्यांना वाटते झाड जगले, पण फूल येत नाही. मग पुन्हा नवे कलम विकत आणायचे. या व्यवहारात नर्सरीवाल्याचा दोष नाही, मालाचा स्वभावच तसा आहे.

सदागुलाब स्वतःच्या मुळावर वाढतो. उन्हाने शेंडे वाळले तरी बुडातून जी फूट येते ती त्याच जातीची असते. एकदा लागलेले झुडूप कित्येक वर्षे टिकते.

येवल्यात कसे लावावे

जागा : सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळावे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी भिंतीची सावली पडावी. पारा चाळिशीच्या वर गेला की फुले लहान होतात, थोडी कमीही होतात. त्याने घाबरू नये, पावसाबरोबर झाड पुन्हा भरते.

माती : आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. दीड फुटाचा खड्डा घेऊन माती, वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे आणि रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. कुंडी असेल तर बारा ते चौदा इंचांची, तळाला भोक असलेली घ्यावी.

पाणी : रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड मुळापर्यंत पोहोचेल असे भरपूर द्यावे आणि बुडाशी पालापाचोळ्याचा थर ठेवावा. वजूच्या पाण्यात साबण नसतो. घरातली किंवा मशिदीतली ती नाली अंगणातल्या आळ्याकडे वळवली तर उन्हाळ्यातही झाड तगते. रेशीम रंगवलेले पाणी मात्र झाडाला कधीही घालू नये.

पिवळेपणा : विहिरीचे पाणी जड आणि माती चुनखडीची असेल तर पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. हिराकस रंगाऱ्यांना चांगला माहीत आहे. तोच एक लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावा आणि शेणखत वाढवावे.

छाटणी : मोठ्या फुलाच्या कलमांची ऑक्टोबरमध्ये कडक छाटणी करतात. सदागुलाबाला ती सोसत नाही, तो जुन्या काड्यांवरच आपला पसारा उभा करतो. वाळलेल्या काड्या काढाव्यात, झडलेल्या फुलांचे शेंडे खुडावेत, इतकेच.

कीड : उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी बसतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा. फुलकिडे किंवा मावा दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे.

एकाचे दहा

पावसाळ्यात किंवा थंडीच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाड, नुकत्याच फुलून गेलेल्या काडीचे सहा ते आठ इंचांचे तुकडे करावेत. खालची पाने काढून दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवून वाळूमिश्रित मातीच्या पिशवीत खोचावेत. जागा सावलीची हवी आणि ओल सारखी हवी. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. सगळ्याच काड्या लागत नाहीत, म्हणून दहा हव्या असतील तर वीस लावाव्यात.

धंद्याची बाजू

इथे साफ बोलले पाहिजे. याच्या फुलांचा व्यापार होणार नाही. पाकळ्या लवकर झडतात, म्हणून हार आणि चादरीला चालत नाहीत. वास मंद, म्हणून अत्तर आणि गुलकंदाला उपयोग नाही. त्या कामाला दमास्क जातीचा सुवासिक गुलाब लागतो. फुलांच्या बाजारात शिरायचे तर जवळच शिर्डी परिसरात गुलाबाची शेती करणारे शेतकरी आहेत, त्यांच्याशी अंगणातून स्पर्धा करता येत नाही.

धंदा आहे तो रोपांचा. येवल्यात अनेकांच्या घरातच माग आहे, म्हणजे दिवसभर घरात माणूस आहे. आई-बहिणींनी शंभर पिशव्या सांभाळल्या तर खर्च फक्त पिशवी, माती आणि शेणखताचा. शाळा, मशिदी, कब्रस्तानाचे कुंपण, बंगल्यांच्या बागा इथे कमी पाण्यात जगणारे रोप हवे असते. मात्र विकताना जात सांगून विकावी, छाट कलम आहे हे सांगावे आणि मुळे धरल्याशिवाय माल देऊ नये. एकदा विश्वास बसला की गिऱ्हाईक स्वतःहून येते.

आणखी एक गोष्ट घाईची आहे. जुने वाडे पाडून सिमेंटची घरे उभी राहत आहेत. अंगण जाते तेव्हा कोपऱ्यातले ते गुलाबी झुडूपही ढिगाऱ्याबरोबर जाते आणि मोठ्या कळीच्या मागणीमुळे नर्सरीत ते सहसा मिळत नाही. मुघलांच्या काळी आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्या नावाची लाज राखायला सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. शेजारी घर पाडायला निघाला असेल तर आधी परवानगी घेऊन चार काड्या कापून आणाव्यात. दोन आपल्याकडे लावाव्यात, दोन दुसऱ्या घरी द्याव्यात. इन्शाअल्लाह, पुढच्या मोसमात त्याच काड्यांवरून आणखी काड्या निघतील.